रोजच्या शिंका, चोंदलेलं नाक आणि आठवड्यात सोडलेला स्प्रे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४. सहा वर्षांपासून सकाळी उठलं की ओळीने दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, टाळूला खाज. दुपारपर्यंत शिंका थांबतात, पण नाक चोंदलेलंच राहतं आणि रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. ॲलर्जीची गोळी घेतली की शिंका थांबतात, सोडली की पुन्हा तेच. मध्ये स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता. आठवडाभर मारला, फरक पडला नाही, वर नाकातून रक्त आलं म्हणून बंद केला. रक्तात आयजीई वाढलेला आहे. एकाने सांगितलं, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाका. हे कायमचं बरं होतं का?"

कायमचं बरं होण्याकडे शेवटी येतो. आधी स्प्रेबद्दल बोलू, कारण "आठवडाभर मारला आणि रक्त आलं" एवढ्यातच तुमच्या सहा वर्षांचं बरंचसं उत्तर आहे.

ओपीडीत माझ्या टेबलावर स्प्रेची एक रिकामी बाटली असते. "स्प्रेने काही होत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती देतो आणि म्हणतो, दाखवा बरं, कसा मारता. बहुतेक जण एकच नाटक करून दाखवतात: मान मागे टाकायची, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी सरळ आत खुपसायची, दाबायचं आणि जोरात वर ओढायचं. पुढच्या क्षणी चेहरा वाकडा होतो, कारण औषध घशात गेल्याची कडू आठवण येते. म्हणजे औषधातलं निम्मं पोटात गेलं आणि उरलेलं दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर आपटलं. त्या पडद्याच्या पुढच्या भागावरची त्वचा पातळ असते आणि तिच्या लगेच खाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रोज एकाच जागी फवारा बसला की तिथे कोरडेपणा येतो, खपली धरते, रक्त येतं. माणूस म्हणतो, औषध सोसलं नाही.

बरोबर पद्धत अशी. आधी नाक हलक्याने शिंकरून घ्या. बाटली हलवा, नवी असेल तर फवारा एकसारखा येईपर्यंत हवेत काही वेळा दाबून घ्या. मान मागे नको, किंचित खाली झुकवा, जणू पायाच्या अंगठ्याकडे बघताय. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. हात उलटा घेतला की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. नळी अगदी थोडी आत ठेवायची. दाबताना श्वास इतकाच घ्यायचा जितका फुलाचा वास घेताना घेतो. औषधाची चव घशात आली तर समजा, जोरात ओढलं. रक्त आलंच तर दोन-तीन दिवस थांबा, नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहा आणि मग दिशा सुधारून पुन्हा सुरू करा. वारंवार किंवा भरपूर येत असेल तर मात्र नाक तपासून घ्या.

आता आठवड्याचं. या स्प्रेचा परिणाम बारा तासांत, कधी दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो, पण पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, आणि तेही रोज न चुकता घेतला तर. त्रास झाला त्या दिवशी मारायचा आणि बरं वाटलं की ठेवून द्यायचा, हे या औषधाचं काम नाही. का, ते समजायला नाकात काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे (परागकण, धुळीतल्या किड्यांची विष्ठा, मांजराचा कोंडा, बुरशी) तिच्याविरुद्ध शरीराने आधीच आयजीई नावाची प्रतिद्रव्यं बनवलेली असतात. ती नाकाच्या आवरणातल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटून बसतात, भरलेल्या बंदुकीच्या चापासारखी. परागकण आला की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं: खाज, शिंका, पाणी. हा पहिला अंक. दुसरा अंक चार ते आठ तासांनी सुरू होतो. इओसिनोफिल आणि इतर पेशी तिथे गोळा होतात, आवरण सुजतं आणि नाक बंद होतं. म्हणून तुम्हाला सकाळी शिंका येतात आणि रात्री श्वास अडतो. आत शेंबूड अडकलेला नसून भिंतच फुगलेली असते, त्यामुळे कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही.

हिस्टामिन अडवणारी गोळी पहिल्या अंकावर छान चालते. दुसऱ्यावर तिचा जोर कमी पडतो. सूज उतरवायचं काम स्टिरॉइडच्या स्प्रेचं, आणि तो दोन्ही अंकांवर चालतो. तुम्ही सहा वर्षं शिंकांचं औषध घेत आलात आणि तक्रार चोंदण्याची करताय.

यात आणखी एक मेख आहे. सुजलेलं आवरण चिडकं होतं. सुरुवातीला जेवढ्या परागकणांनी त्रास होतो, त्याच्या कितीतरी कमी परागकणांनी काही दिवसांनी तेवढाच त्रास होऊ लागतो. मग उदबत्तीचा धूर, अत्तर, थंड हवेचा झोत, काहीही पुरतं, आणि माणसाला वाटतं की आपल्याला सगळ्याचीच ॲलर्जी आहे. सूज उतरली की ही यादी पुष्कळ आखूड होते. ज्यांचा त्रास ठरावीक मोसमातला आहे, त्यांनी स्प्रे मोसमाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करायचा तो याचसाठी.

"हे फीवर" या नावाबद्दल जाता जाता. नाकाच्या या ॲलर्जीचं, विशेषतः मोसमी, ते इंग्रजी नाव: 'हे' म्हणजे वाळलेलं गवत, 'फीवर' म्हणजे ताप. पण यात गवताच्या गंजीचा फारसा संबंध नाही आणि ताप तर नसतोच. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने स्वतःच्याच दर उन्हाळ्यातल्या त्रासाचं वर्णन वैद्यकीय सभेपुढे वाचलं. त्याने रक्त काढून पाहिलं, जुलाब घेतले, अफू घेतली, थंड पाण्याने अंघोळी केल्या. गुण आला नाही. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने, तोही याच दुखण्याचा रोगी, गवताचे परागकण स्वतःच्या हातावरच्या ओरखड्यावर चोळून गांध उठवली, चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उंचावरच्या हवेतले परागकण मोजले आणि १८७३ मध्ये ते सगळं छापलं. आज आपण त्वचेवर करतो ती चाचणी त्या ओरखड्याचीच नात. हा आजार समजून घेणाऱ्यांत स्वतः शिंकणारे डॉक्टर पुष्कळ होते, ही मला नेहमी गंमत वाटते.

तुमचा त्रास बारा महिने आहे आणि अंथरुणातून उठतानाच सुरू होतो. अशा वेळी माझा पहिला संशय धुळीतल्या किड्यांवर, म्हणजे डस्ट माइटवर जातो. हा जीव साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, डोळ्यांना दिसत नाही, चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, आणि गादी-उशीइतकी ऊब, दमटपणा आणि कोंडा त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. तुमचं नाक रात्रभर त्यावरच टेकलेलं असतं.

यावर काय करायचं? उशीला आणि गादीला दाट विणीच्या, चेन असलेल्या खोळी. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. कोमट पाण्यात किडे मरत नाहीत. खोलीतला दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आला तर त्यांची वाढ खुंटते. झाडताना उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं असेल तर आधी हे ऐका: किड्यांची विष्ठा जड असते, हवेत उडाली तरी थोड्याच वेळात खाली बसते. यंत्र हवा गाळत राहतं आणि माल गादीतच राहतो. मांजराची गोष्ट वेगळी. त्याचे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगतात, आणि मांजर घरातून गेल्यावरही काही महिने घरात राहतात. तरी खरं सांगतो, नुसत्या खोळींवर कुणाचं नाक मोकळं झालेलं मी क्वचितच पाहिलंय. चार उपाय एकत्र केले तर थोडाफार फरक पडतो. घर उलथून टाकण्याआधी स्प्रे नीट मारा.

फुलांबद्दलही एक गैरसमज काढून टाकू. डोळ्यांत भरणारी, रंगीत, सुवासिक फुलं बहुधा निर्दोष असतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट, ते कीटकांच्या पाठीवर बसून जातात. आपल्याला छळतात ते गवतं, तण आणि वाऱ्यावर पराग सोडणारी काही झाडं. त्यांची फुलं आपल्या लक्षातही येत नाहीत. परागकणांच्या दिवसांत बाहेरून आल्यावर तोंड धुणं, कपडे बदलणं, रात्री केस धुऊन झोपणं आणि कपडे बाहेर वाळत न घालणं, हे फुकटचे उपाय आहेत आणि करण्यासारखे आहेत.

तपासणीचं बोलू. तुमचा "आयजीई वाढलेला" हा जो आकडा आहे, तो एकूण आयजीईचा असणार. त्यावरून ॲलर्जी कशाची हे कळत नाही, किती जोराची हेही कळत नाही. तो नॉर्मल असूनही नाक गळणारे असतात आणि भरमसाट असूनही एकही शिंक न देणारे असतात. उपयोगाची तपासणी म्हणजे त्वचेवरची प्रिक टेस्ट: हातावर थेंब ठेवून हलकंसं टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची, तुलनेच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाकातला स्प्रे चालू राहिला तरी चालतो. त्वचेवर पुरळ असेल किंवा गोळी बंद करता येत नसेल, तर त्या-त्या गोष्टीचा विशिष्ट आयजीई रक्तातून बघता येतो. पण अहवालात आठ गोष्टींपुढे अधिकचं चिन्ह आलं म्हणजे आठ गोष्टींची ॲलर्जी, असं समजू नका. चाचणी फक्त सांगते की शरीर ती गोष्ट ओळखतं. त्रास तिच्यामुळेच होतो का, हे तुमच्या कहाणीशी ताडून बघावं लागतं. आणि नाकाच्या तक्रारीसाठी शंभर खाद्यपदार्थांची तपासणी करून जेवणातल्या निम्म्या गोष्टी बंद केलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

खरं तर औषध सुरू करायला तपासणीची गरजच नसते. खाज, शिंकांची माळ, दोन्हीकडून पाण्यासारखं गळणारं नाक आणि डोळ्यांची चुरचुर एवढं असलं की निदान बहुतेक झालं. साध्या सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. सहा वर्षं टिकणारी सर्दी नसते.

स्टिरॉइड या शब्दाची भीती. प्रश्नात तुम्ही लिहिली नाहीत, पण स्प्रे इतक्या पटकन सोडण्यामागे ती होती का, हे स्वतःला विचारून बघा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारख्या औषधाचा नाकात मारलेला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि त्यातला शेकडा दोन भागांपेक्षा कमी रक्तात पोचतो. सवय लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. लहान मुलांना दीर्घकाळ द्यायचं तर सगळ्यात कमी पुरेशा डोसवर ठेवतो आणि अधूनमधून उंची मोजतो. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी: एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर घेणाऱ्यांत फ्लुटिकासोन शरीरात साचू शकतं, त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. याच्या उलट, "एक इंजेक्शन घ्या, मोसम निघून जाईल" म्हणून कमरेत देतात ते दीर्घकाळ टिकणारं स्टिरॉइड. ते मी देत नाही. नाकासाठी सगळ्या शरीराला वेठीला धरायचं कारण नाही.

सवय लावणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती निरुपद्रवी समजली जाते. ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिनचे नाक उघडणारे थेंब. पाच मिनिटांत नाक मोकळं, काय ते सुख! पण रक्तवाहिन्या आकसून हे थेंब काम करतात, आणि असर ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाक थेंबांसाठीच बंद होऊ लागतं. उशाखाली एक, गाडीत एक आणि ऑफिसात एक अशा तीन बाटल्या बाळगणारे रुग्ण मी पाहिलेत. सोडवायला स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करून थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायचे, ती मोकळी झाली की दुसरीत. पहिला आठवडा वाईट जातो.

गोळ्यांत जुन्या पिढीची क्लोरफेनिरामीनसारखी औषधं टाळा. ती मेंदूत शिरतात. झोप आली नाही असं वाटलं तरी लक्ष आणि प्रतिक्रिया मंदावतात. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परागकणांच्या मोसमात परीक्षा देणाऱ्या मुलांपैकी ज्यांना हे फीवरचा त्रास होता त्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता जास्त आढळली, आणि गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्यांत ती आणखी जास्त. नव्यांपैकी फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन यांनी गुंगी फारशी येत नाही, सेटिरिझिनने काहींना येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसासोबत घेऊ नका, शोषण कमी होतं, पाण्यासोबत घ्या. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही जणांना अंगभर जोराची खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे. "गोळी सोडली की पुन्हा तेच" यातलं तुमचं "तेच" नाकाचं आहे, पण अंगाला खाज सुटत असेल तर हे लक्षात ठेवा. मॉन्टेलुकास्ट हे आणखी एक औषध ॲलर्जीच्या गोळीबरोबर सर्रास जोडून दिलं जातं. नुसत्या नाकासाठी मी ते सुरुवातीला देत नाही, कारण त्याने काहींची झोप बिघडते, भयानक स्वप्नं पडतात, मन खचतं. २०२० पासून अमेरिकेत त्याच्या वेष्टनावर यासाठी सगळ्यात कडक इशारा असतो.

नुसत्या स्टिरॉइडच्या स्प्रेने भागलं नाही तर त्यात ॲझेलास्टिन हे हिस्टामिन अडवणारं औषध जोडलेला स्प्रे देता येतो. तो पंधरा मिनिटांत जाणवायला लागतो. चव वाईट आहे, पण मान खाली ठेवली तर घशात येत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं हेही चांगलं, स्प्रेच्या आधी विशेष. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड असू द्या. नळाच्या पाण्यातून क्वचित जाणारा एक अमीबा मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो, म्हणून इथे आळस नको.

"नाकाचं हाड वाढलंय" हे मी रोज ऐकतो. वाढलेलं काही नसतं. मधला पडदा थोडा वाकडा असतो, तसा तो कितीतरी निरोगी लोकांचाही असतो. किंवा बाजूच्या भिंतीवरच्या टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या ॲलर्जीने फुगलेल्या असतात, आणि त्यांनाच कुणी हाड म्हणतं, कुणी मांस. ऑपरेशनने वाट रुंद होते, ॲलर्जी तिथेच राहते. औषध दोन-तीन महिने नीट घेऊनही नाक बंदच राहिलं, आणि पडद्याचा अडथळा खरंच मोठा असेल, तेव्हा विचार करू.

आता कायमचं बरं होण्याबद्दल. स्प्रे आणि गोळी आजार आवरतात, शरीराचा स्वभाव बदलत नाहीत. तो काही अंशी बदलणारा एकच उपचार आहे, इम्युनोथेरपी: ज्याची ॲलर्जी आहे तेच अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत देत राहायचं. लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांवर याचा पहिला वृत्तांत छापला. आज इंजेक्शनं आहेत आणि जिभेखाली ठेवायचे थेंब-गोळ्याही. निदान तीन वर्षं घ्यावी लागते. तेवढी केली तर थांबवल्यावरही काही वर्षं फायदा टिकतो. वर्षभरात सोडली तर पैसे आणि वेळ दोन्ही गेले. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते, आणि दमा ताब्यात नसेल तर सुरूच करायची नाही. एका बाटलीत दहा-बारा गोष्टी मिसळून देणाऱ्यांपासून मी दूर राहीन. कहाणी आणि चाचणी दोन्ही ज्यावर बोट ठेवतात अशा एक-दोन गोष्टींसाठीच ती घ्यावी.

दम्याचं विचारायचं राहून जातं, म्हणून विचारतो: रात्री खोकला येतो का? जिने चढताना किंवा हसताना छातीत शिट्टी वाजते? नाक आणि फुप्फुस एकाच नळीची दोन टोकं आहेत. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये वादळाने राय गवताचे परागकण फोडून त्यांचे बारीक कण शहरभर पसरवले. एका रात्रीत हजारो लोक श्वास अडून रुग्णालयांत आले, दहा दगावले. आलेल्यांत अनेकांना दम्याचं निदान कधीच झालेलं नव्हतं. हे फीवर मात्र बहुतेकांना होता. खोकल्याचं किंवा शिट्टीचं तुमचं उत्तर "हो" असेल तर फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, आधी करून घ्या.

आणि एवढं झालं तर ॲलर्जी समजून घरी बसू नका: एकाच नाकपुडीचं चोंदणं, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वासाचा स्राव, पुढे वाकल्यावर एका बाजूने पाण्यासारखे थेंब टपटपणं, वास पूर्ण जाणं, चेहऱ्याला बधिरपणा.

तुमच्यासाठी माझा बेत असा: चार आठवडे स्प्रे, रोज, दोन्ही नाकपुड्यांत, वर सांगितलेल्या पद्धतीने, त्याआधी मिठाचं पाणी, शिंका फारच आल्या त्या दिवशी गुंगी न आणणारी एक गोळी. आजपासून रोज रात्री नाकाला दहापैकी किती त्रास झाला तो आकडा कॅलेंडरवर लिहा, कारण चार आठवड्यांनी आठवणीवर विसंबता येत नाही. आकडा निम्म्यावर आला तर डोस कमी कसा करायचा ते डॉक्टरांना विचारा. नाही आला तर प्रिक टेस्ट आणि इम्युनोथेरपीचं बोलायला जा, आणि जाताना बाटली सोबत न्या. त्यांच्यासमोर एकदा मारून दाखवा.